विश्रांतीस्थाने : सात

माझ्या हातून आजवर एकच पुस्तक छापून आलं आणि त्यावर माझं नाव नाही. पिवळ्या कव्हरचं, चव्वेचाळीस पानांचं, आत शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतली अपरिचित पर्यटनस्थळं. नाव न छापल्याचं तेव्हा फार वाईट वाटलं होतं. पुढे बरं वाटायला लागलं.

नव्वदीचं दशक मध्यावर आलं होतं. मी एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक होतो. कोणत्या ते सांगत नाही, पेन्शनचा प्रश्न आहे. घर सापगावला, नोकरी मुरबाडला आणि मधे एसटी. एक दिवस वरून आदेश आला की दोन्ही तालुक्यांतली बघण्यासारखी, पण कोणाला माहीत नसलेली ठिकाणं शोधून त्यांची यादी पाठवा. काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. सरकारी नोकरीत चांगलं अक्षर असणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. कार्यालयातलं कुठलंही नकोसं काम फिरत फिरत शेवटी त्या अक्षराच्या मालकाकडे येतं.

आदेशासोबत एक छापील नमुना होता. तो समुद्राकाठच्या माणसाने तयार केलेला असावा. आमच्या जिल्ह्याला समुद्र होता, नाही असं नाही, पण तो तिकडे डहाणू-वसईला. नमुन्यातला तिसरा रकाना होता समुद्रकिनाऱ्यापासून अंतर, चौथा किनारा वाळूचा की खडकाळ आणि पाचवा भरतीच्या वेळी स्थळ सुरक्षित आहे काय. मी सगळीकडे 'लागू नाही' लिहिलं. साहेबांनी कागद परत पाठवला.

"इतक्या वेळा 'लागू नाही' लिहिलं की आपण काम टाळलं असं दिसतं," ते म्हणाले. "काहीतरी लिहा."

म्हणून त्या पुस्तकात घाटाच्या पायथ्याच्या एका जुन्या विहिरीपुढे 'भरतीच्या वेळी सुरक्षित' असं छापलेलं आहे. त्यात खोटं काही नाही.

नववा रकाना होता रस्त्याचा. 'रस्ता आहे काय' आणि खाली बारीक अक्षरात 'रस्ता नसल्यास स्थळ यादीत घेऊ नये.' बाकीचे रकाने मी कंटाळून भरले. हा एक मात्र हुशारीने भरला आणि पुढचं सगळं त्या हुशारीमुळे झालं.

मी गावोगाव हिंडायला लागलो. आमच्या गावांना 'बघण्यासारखं काय आहे' असं तोवर कोणी विचारलेलं नव्हतं, त्यामुळे लोक आधी गोंधळायचे आणि मग त्यांना ज्याचा अभिमान होता ते दाखवायचे. एका गावाने मला नवा हातपंप दाखवला. नुसता दाखवला नाही, दोघांनी आळीपाळीने हापसून दाखवला. एका गावाने शाळेचा स्लॅब दाखवला आणि तो गळत नाही हे पटवायला मला आत उभं करून वर दोन घागरी पाणी ओतलं. उंबरमाळीच्या बाजूला एका बाईने खालून जाणारी मेलगाडी दाखवली. "थांबत नाय, म्हनून तर बघायची," ती म्हणाली. टोकावड्याच्या अलीकडे एका म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "बघन्यासारखं म्हंजे? आमच्याकडं लोक पोरी बघाया येतात. तुमचं लगीन झालं का?" माझं झालं नव्हतं. मला चहा जरा जास्त गोड मिळाला.

टोकावड्यालाच ढाब्यावर एक माणूस भेटला. पन्नाशीचा, काटक, डोक्याला पंचा. घाटाच्या बाजूला डोंगरात वर त्याची वाडी होती. वाडी म्हणजे वीसेक घरं आणि तो तिथला कारभारी. मी कशासाठी हिंडतोय ते त्याने ऐकून घेतलं, भजी संपवली आणि म्हणाला, "आमच्या वाडीमागं धबधबा हाये. चला."

"किती लांब?"

"सात पालट."

मला खांदेपालट हा शब्द पेपरात वाचून माहीत होता आणि तो मंत्रिमंडळाचा असायचा. इथे तो अंतर मोजायला वापरतात हे चालता चालता कळलं. वाडीला रस्ता नव्हता. आजारी माणूस किंवा अडलेली बाई खाली डांबरी रस्त्यावर आणायची तर घोंगडीची झोळी करून बांबूला बांधायची. दोघं बांबू खांद्यावर घेतात, दोघं मोकळे चालतात. दमलं की झोळी टेकवायची आणि खांदे पालटायचे. कुठे टेकवायची याच्या जागा बापजाद्यांपासून ठरलेल्या. वाडीतून निघालं की पहिली गोठणीचा दगड, मग आंबा, मग बांध, चौथी उंबर, पाचवी कातळ, सहावी ओढा आणि सातव्या पालटाला डांबरी. वाडीतल्या कोणालाही अंतर विचारलं तर पालटांतच सांगणार. बाजाराला निघालेली बाईसुद्धा दुसरीला सांगणार, मी दोन पालट पुढं होते गो.

"खांदा मेलेल्याला देतात सगळीकडं," कारभारी म्हणाला. "आमी जित्याला बी देतो."

धबधबा चांगला होता. एवढंच लिहितो, कारण नमुन्यातही त्याला एकच ओळ होती.

वाडीत परत आलो तेव्हा कारभाऱ्याच्या सुनेने नाचणीची भाकरी आणि सुकट वाढली. तिचा तीन वर्षांचा मुलगा माझी शबनम पिशवी उलटी करून पाहत होता. हा उंबराखाली झाला, असं तिने सांगितलं. झोळीतून खाली नेत होते, चौथ्या पालटाला झोळी टेकवली आणि तिथेच हा झाला. मग खाली कशाला जायचं, म्हणून सगळे परत आले. ती हे हसत सांगत होती, मीही हसलो.

"लिस्टीत नाव लागलं का रस्ता येल ना?" कारभाऱ्याने विचारलं.

"येईल. पर्यटनस्थळ झाल्यावर द्यावाच लागेल. पण अडचण अशी की रस्ता असल्याशिवाय यादीत घेत नाहीत."

त्याने हे दोनदा समजून घेतलं. भाकरीचा तुकडा मोडून ताटलीतच ठेवला. "म्हंजे रस्ता नाय म्हनून लिस्ट नाय, आन् लिस्ट नाय म्हनून रस्ता नाय."

"तसंच."

"मग हाये म्हनून लिवा. होनारच हाये ना?"

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मी खूश झालो. आपण कागदी घोड्यावर स्वार होऊन एका वाडीचं भलं करतोय असं वाटलं. तिथेच त्यांच्या ओट्यावर बसून मी नववा रकाना भरला. 'रस्ता : आहे.' दहाव्या रकान्यात मार्गावरील सोयी विचारल्या होत्या. सोय कसलीच नव्हती. पण 'लागू नाही' लिहायची सोयही साहेबांनी ठेवली नव्हती, म्हणून मी माझ्या सुरेख अक्षरात लिहिलं, 'विश्रांतीस्थाने : सात.'

पुस्तक छापून आलं. वाडीचा धबधबा एकविसाव्या पानावर होता. फोटो दुसऱ्याच धबधब्याचा होता, पण सगळे धबधबे फोटोत सारखेच दिसतात, कोणी तक्रार केली नाही. पावसाळ्यात ठाणे-कल्याणहून पोरांचे जथे यायला लागले. रस्ता कुठाय, म्हणून टोकावड्यापासून विचारत यायचे. वाडीतले लोक त्यांना पाणी द्यायचे आणि रस्ता येतोय म्हणून सांगायचे. पोरं जाताना उंबराखाली बसून वेफर्स खायची. सावली चांगली होती आणि पुस्तकातही विश्रांतीस्थानं लिहिलेली होती.

वर्षभराने कारभाऱ्याने रस्त्यासाठी अर्ज केला. सगळ्या वाडीच्या सह्या, अंगठे. अर्ज फिरत फिरत आमच्याच कार्यालयात आला, अभिलेख तपासून उत्तर द्यावे अशा शेऱ्यासह. अभिलेख म्हणजे माझंच पिवळं पुस्तक. उत्तर लिहायचं कामही माझ्याकडेच आलं. कारण तेच, अक्षर.

मी लिहिलं की अभिलेखानुसार सदर स्थळी जाण्यास रस्ता उपलब्ध आहे, सबब मागणीचा प्रश्न उद्भवत नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

पत्र पाठवायच्या आधी मी साहेबांकडे गेलो. रस्ता नाही हे त्यांना सांगितलं. साहेब वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढला.

"नाही म्हणून लिहा की मग," ते म्हणाले. "पण आधी 'आहे' कोणी लिहिलं, ते का लिहिलं आणि जागेवर न जाता लिहिलं की जाऊन, हेही लिहावं लागेल. तुमच्या सहीने. दिवाळीत तुमची वरिष्ठ लिपिकाची बढती आहे. विचार करा."

मी विचार केला. दिवाळीनंतर लिहू असं ठरवलं. इतकी वर्षं वाडी रस्त्याविना राहिली, चार महिन्यांत काय होतंय, असं मी स्वतःला सांगितलं. हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पत्र गेलं.

भादवा सरता सरता कारभारी कार्यालयात आला. दुपारची वेळ होती. बाकावर बसला, मी वर बघेपर्यंत बसून राहिला. मी त्याला चहा सांगितला. पत्राबद्दल काही बोलेल म्हणून मी मनात उत्तर तयार करत होतो.

"सून बरी हाये," तो म्हणाला.

मला आधी कळलं नाही.

"दुसऱ्या टायमाला अडली. सकाळीच निगालो झोळी घेऊन. पाऊस व्हता, बांधावर पाय टिकंना. उंबराखाली टेकवली आन् तितंच झाली. पोरगी व्हती." त्याने पंच्याने तोंड पुसलं. "डाक्टर बोलला, जरा अगोदर आनली असती तर वाचती. मोठा तितंच झाला ना, जगला. म्हनून आमाला वाटलं, ही बी जगंल. वाट बघत बसलो थोडा वेळ."

चहा आला. आमच्या दोघांच्या मधे टेबलावर दोन ग्लास ठेवून पोऱ्या गेला. मला इतकी लाज वाटली की मी आधी ग्लासाखालचे कागद आवरले.

"रस्ता आहे म्हणून मीच लिहिलं होतं," मी म्हणालो. "पत्रही माझंच आहे."

"म्हाईत हाये. लिवा म्हनून मीच बोललो ना तुमाला."

त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने अर्धा वाटा स्वतःकडे घेतला आणि उरलेला अर्धा मला पुऱ्यापेक्षा जड झाला. मी म्हणालो, आता खरं काय ते लिहितो, माझं काय व्हायचं ते होऊ दे.

"तुमचं होऊन आमाला काय मिळनार? चौकशी बसंल, ती चालंल पाच वरसं. त्यापरीस असं करा. कागदावर रस्ता हाये ना? मग तो पावसात व्हावून गेला म्हनून लिवा. दुरुस्ती मागा. पावसाला कोन इचाराया जातो?"

वीस वर्षं फायली हाताळलेल्या साहेबांना जे सुचलं नव्हतं ते या माणसाला मुलीला पुरून आठवडा व्हायच्या आत सुचलं होतं. मी तिथेच अर्ज लिहिला. त्याने अंगठा उमटवला, चहा मात्र तसाच ठेवून गेला.

दिवाळीत माझी बढती झाली. मी पेढे वाटले.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणणारी माणसं आशावादी असतात. दुरुस्तीची फाईल पाच वर्षं चालली. मी तिच्या मागे लागलो, दुसऱ्या कुठल्याच कामामागे इतका लागलो नाही. तिच्यासाठी टेबलाटेबलाला उभा राहिलो, लग्नाची सुट्टी दोन दिवसांनी कमी केली, बायकोने ते काढलं नाही असं एक वर्ष गेलेलं नाही. एक इंजिनिअर पाहणीला आले. पावसाने रस्ता वाहून गेल्याचं त्यांनी मान्य केलं. शेऱ्यात लिहिलं की रस्ता इतका पूर्णपणे वाहून गेला आहे की पूर्वी तो तिथे असल्याची कोणतीही खूण उरलेली नाही. मग डांबरीपासून उंबरापर्यंत खडीचा रस्ता झाला. वरच्या भागाबद्दल 'स्थिती समाधानकारक, दुरुस्तीची आवश्यकता नाही' असा शेरा होता. खरंच तिथे खराब व्हायला काहीच नव्हतं.

दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी पुस्तकाची सुधारित आवृत्ती काढायचं ठरलं. नमुना आता कॉम्प्युटरवर आला होता. समुद्रकिनाऱ्यापासूनचं अंतर तसंच होतं. नोंदी जागेवर जाऊन तपासाव्यात असा आदेश होता, म्हणून मी दिवाळीनंतर वाडीत गेलो. उंबरापर्यंत जीपने गेलो आणि तिथून चालत.

वाडीत गेलो तर माणसं कारभाऱ्याच्या ओट्याभोवती जमलेली. सकाळी गवताचा भारा घेऊन उतरताना तो घसरला होता. पाय मांडीत मोडला होता. घोंगडी बांबूला बांधून झाली होती, पण उचलायला तिघंच होते. वाडीतली तरणी पोरं मुरबाडला कारखान्यांत पहिल्या पाळीला गेलेली. तिघांनी माझ्याकडे बघितलं. मी दप्तर कारभाऱ्याच्या सुनेकडे दिलं.

बांबू खांद्यावर घेतल्यावर पहिल्या शंभर पावलांत कळलं की ठिकाणं का ठरलेली आहेत. गोठणीच्या दगडापर्यंत मी कसाबसा पोचलो. तिथून बांधापर्यंत त्यांनी मला मोकळं चालू दिलं. बांधाला पुन्हा माझा खांदा आला. कारभारी झोळीत दातओठ खात पडला होता, तरी मधेमधे सूचना देत होता. डावीकडून घे, दगड हाये. सायेब, पाय सोडून चाला, कचेरीत हाये का तुमी.

उंबर दिसला. खाली जीप उभी होती, ड्रायव्हर सावलीत मागचं दार उघडून बसला होता. माझा खांदा जळत होता. मी वेग कमी केला, टेकवायच्या तयारीने गुडघे वाकवले. पुढच्या माणसाने वेग कमी केला नाही. बांबू ओढला गेला आणि मी धडपडत त्याच्यामागे गेलो.

"इथं नाय," झोळीतून कारभारी म्हणाला.

कोणी पालटलं नाही. मोकळे चालणारे दोघंही खांदा द्यायला पुढे आले नाहीत. जीपच्या बाजूने, उघड्या दाराच्या हातभर अंतरावरून, आम्ही झोळी घेऊन तसेच पुढे गेलो. ड्रायव्हर ओरडायला लागला, अहो इकडे, गाडी इकडे आहे. कारभाऱ्याची सून माझ्यामागे चालत होती. तिने उंबराकडे बघितलं नाही, डोक्यावरचा पदर नीट केला आणि ड्रायव्हरला म्हणाली, "कातळावर आना गाडी."

ड्रायव्हर कपाळाला हात लावून उठला आणि त्याने गाडी उलटी घेत घेत आमच्यामागून कातळापर्यंत आणली. उंबरापासून कातळ म्हणजे एक पूर्ण पालट. बांधापासूनचा धरला तर दोन. माझ्या शर्टाची शिवण खांद्यावर उसवली होती आणि आतलं कातडंही सोललं होतं. मी पालट मागितला नाही. मागितला असता तरी तिथे कोणी दिला नसता आणि मागायचा हक्क मला नव्हता.

कातळावर झोळी टेकवली. कारभाऱ्याला जीपमधे घेताना त्याने माझा शर्ट बघितला.

"वरचा रस्ता बी मागून घ्या आता," तो म्हणाला. "या टायमाला नाय म्हनूनच लिवा."

पाय पुढे सांधला. थोडा आखूड झाला, पण तो अजून वाडीतून टोकावड्याला चालत येतो आणि अंतर पालटांतच सांगतो.

सोमवारी मी कार्यालयात कॉम्प्युटरपाशी बसलो. नोंदी भरायला एक नवी मुलगी होती, चटचट टाईप करायची. मी सांगत गेलो. रस्ता, उंबरापर्यंत आहे, पुढे नाही.

"सर, 'नाही' टाकलं तर स्थळ यादीतून निघतं," ती म्हणाली.

"निघू दे. 'नाही' टाक. आणि खालचा रकानाही भर."

"तो जुनाच ठेवते. विश्रांतीस्थानं सात."

"सहा कर."

तिने पिवळं पुस्तक उघडून एकविसाव्या पानावर बोट ठेवलं. "इथं सात आहेत, सर. एक कुठं गेलं?"

"आहे तिथंच आहे," मी म्हणालो. "तिथं आता कोणी थांबत नाही."